आठ पेशींच्या पुढे

४ मार्च

प्रिय वन्सं,

लॅबच्या दाराच्या आत मॅडम आणि दाराबाहेर वन्सं, हा नियम तुमचाच. हे पत्र मी लॅबच्या जिन्यात बसून लिहितेय, म्हणजे धड आत नाही, धड बाहेर नाही. हाताला आलं ते लिहून टाकलं.

तुमचा फोन लागतो, पण तुम्ही उचलत नाही. मेसेज पोचतात, वाचलेले दिसत नाहीत. शेवटी आईंच्या औषधांच्या डब्यात तुम्ही त्यांना पाठवलेलं पाकीट सापडलं, त्यावरून पत्ता उतरवून घेतला. आईंनी मला उतरवताना पाहिलं आणि लगेच भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. तुमच्या भावाला यातलं काही माहीत नाही. तो दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि घरी आला की स्वतःला काहीच दिसत नाही असं दाखवतो. तुमचा विषय निघाला की चष्मा पुसायला घेतो. अकरा महिन्यांत काच झिजली असेल.

मी कामाचं विचारायला लिहितेय, बाकी काही नाही.

गेल्या आठवड्यात कत्तलखान्यातून म्हशींच्या बीजकोशांचे दोन थर्मास आले. त्यातून निवडून घेण्यासारखी एकशे ऐंशी बीजं मिळाली. एकशे चार फळली. दोन पेशी झाल्या, चार झाल्या, आठ झाल्या. आणि मग रांगेत उभं राहून दमल्यासारखे सगळे गर्भ थांबले. सातव्या दिवशी एकशे चारांतले तीन जिवंत, आणि त्या तिघांकडे बघूनही असं वाटत होतं की यांना इथे यायचं नव्हतं, कुणीतरी ओढून आणलंय.

मला एवढंच विचारायचंय: तुम्ही असताना, सगळं बिघडायच्या आधी, आठ पेशींच्या पुढे किती जायचे? जुन्या वहीत शंभरात तीस लिहिलंय. ते खरं का?

मास्तरीण बरी आहे. तेरा वर्षांची झाली. अजूनही गोठ्यात शिरलेल्या प्रत्येकाकडे गृहपाठ राहिल्यासारखं बघते. दुधाला अख्ख्या गोठ्यात तिच्यासारखी नव्हती, पण दोन वर्षांत गाभण राहिलेली नाही. गोठ्यातले मामा म्हणतात, आता ही राहणार नाही. तिची बीजं काढून लॅबमध्ये गर्भ करायचे, हा तुमचा बेत तसाच फाइलमध्ये आहे. जी लॅब धडधाकट बीजांचं काही करू शकत नाही, तिच्या हाती मास्तरणीची बीजं द्यायची माझी छाती होत नाही.

आई परवा शेजारणीला आपलं काम समजावत होत्या. "चांगल्या म्हशीचं बी घ्यायचं, बशीत उबवायचं आणि साध्या म्हशीच्या पोटात ठेवायचं. कोंबडी हेच करते, पण तिला ऑफिस लागत नाही."

उत्तर द्याल ना?

तुमची वहिनी


२२ मार्च

प्रिय वन्सं,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

काल संचालकांनी बोलावलं होतं. खुर्ची दिली, म्हणजे बातमी वाईट होती. म्हणाले, "हिवाळ्यापर्यंत बघू. तोवर पोटात वाढणारा एकही गर्भ दाखवता आला नाही तर खोली चारा-तपासणीवाल्यांना देतो. ते बिचारे व्हरांड्यात बसतात." मी मान हलवून आले. ते गैर बोलले असं म्हणता येत नाही. चारावाले खरंच व्हरांड्यात बसतात.

त्या बैठकीबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण अकरा महिने ती माझ्या डोक्यात चालूच आहे, तर कागदावर येऊ दे एकदाची.

संचालकांनी विचारलं होतं, सगळी सामग्री तीच, पद्धत तीच, मग निकाल कोसळला कशाने? तुम्ही पाणी प्यायला ग्लास उचललात आणि ग्लास टेबलावर टकटकला. सगळ्यांनी ऐकलं. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "मॅडमचा हात हल्ली थरथरतो."

मी खोटं बोलले नाही वन्सं. थरथरत होताच. डिशमधून गर्भ उचलताना तुम्ही कोपर टेबलाला टेकवायला लागला होतात, ते मी सहा महिने बघत होते. मला वाटलं, हेच कारण. आणि खरं सांगायचं तर वाटलं त्याहून जास्त, कारण सापडल्याचं समाधान झालं. तुम्ही ग्लास खाली ठेवलात, सगळ्यांना "येते" म्हणालात आणि गेलात. राजीनामा दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हाती आला. घरी मात्र आलाच नाहीत. बॅग न्यायलासुद्धा तुमच्या भावाला स्टेशनवर बोलावलंत.

आता ऐका. तुमचा हात या खोलीतून जाऊन अकरा महिने झाले. तेव्हापासून प्रत्येक गर्भ माझ्या हाताने उचलला जातो, आणि माझा हात दगडासारखा स्थिर आहे, तुम्हीच म्हणायचात. आणि गर्भ आठ पेशींवरच मरतायत.

हे मला तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वन्सं, वन्सं!

आधी बातमी. एका दिवसात एकशे दहा बीजं फळली, त्यातले एकतीस गर्भ सातव्या दिवसाच्या सकाळी फुगून तयार! टपोरे, गोल, मधे स्वच्छ पोकळी, एका कडेला पेशींचा घट्ट पुंजका. मी मायक्रोस्कोपवरून उठले, खोलीत एक चक्कर मारली, परत बसून मोजले. एकतीसच. मग गोठ्यात जाऊन मामांना ओढत आणलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे एवढंसं? म्हणजे पुढे मला शिंग मारणार ते हेच?"

कसं झालं ते सांगते. गर्भ ज्या थेंबांत वाढतात त्यांच्यावर आपण झाकण म्हणून तेल घालतो ना, त्या तेलाच्या बाटलीचं झाकण उघडेना. कपडा लावून झाला, गरम पाणी झालं, दाराच्या फटीत धरून झालं. गर्भ तर वाट बघत होते. म्हणून सामानाच्या खोलीत गेले, तर खालच्या कप्प्यात जुन्या रजिस्टरांमागे तेलाचा एक न उघडलेला खोका. त्यातली बाटली वापरली. त्या दिवसापुरतं काम भागलं एवढंच वाटलं.

सातव्या दिवशी एकतीस.

मी आनंदाने ओरडले असते, पण तुम्ही शिकवलंय की एकदा झालं ते नशीब असतं. म्हणून मामांकरवी ती अडून बसलेली बाटली उघडून घेतली. त्यांनी ती दोन बोटांत उघडली, तो भाग सोडा. एकाच दिवसाचे, एकाच थर्मासमधले गर्भ घेतले आणि निम्म्यांवर एक तेल, निम्म्यांवर दुसरं. कुठल्या डिशमध्ये कुठलं ते मामांनी ठिपके लावून ठरवलं आणि मला सांगितलं नाही. सात दिवस ते माझ्याकडे बघून गूढ हसत हिंडत होते.

आज ठिपके जुळवले. खोक्यातल्या तेलाखाली चौऱ्याहत्तरांतले तेवीस. दुसऱ्या तेलाखाली चौऱ्याहत्तरांतला एक.

तेल, वन्सं! त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं. फरक एवढाच की एक अंधारात होतं आणि दुसरं पूर्वेच्या खिडकीतल्या काचेच्या फळीवर. रोज सकाळी दोन-अडीच तास ऊन. उन्हाने तेल आतून खवटतं, बाहेरून पाण्यासारखं स्वच्छच दिसतं. आठ पेशींपर्यंत गर्भ आईच्या शिदोरीवर चालतो, पुढे स्वतःचं स्वतः कमवायची वेळ आली की असलं विष सोसत नाही.

कुणीतरी बाटल्या कपाटातून काढून खिडकीत ठेवल्या आणि दीड वर्ष आपण सगळे आंधळे झालो.

तुमचा हात नव्हता. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. तुमचा हात नव्हता.

तुमची वहिनी


१९ एप्रिल

वन्सं,

परवाच्या पत्रात "कुणीतरी" लिहिलंय. ते पत्र पेटीत टाकून आले आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

कुणीतरी म्हणजे मी.

आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही पंधरा दिवस रजा घेतली होती, आठवतंय? मला पहिल्यांदाच लॅब एकटीला मिळाली होती. मी सगळी कपाटं रिकामी केली, पुसली, कागद घातले. तेलाच्या बाटल्या काळोखात धूळ खात होत्या. मला वाटलं, किती सुरेख बाटल्या, समोर मांडल्या तर पटकन हाताला येतील. उंचीप्रमाणे लावल्या. नवी खेप आली की तीही तिथेच, त्याच ओळीत. तुम्ही परत आलात तेव्हा दारातच थांबून म्हणालात, "वा गं, दुकान मांडलंस की!" मी आठवडाभर फुलून होते.

त्याच्या पुढच्या महिन्यापासून आकडे घसरले. तारखा मी काल वह्यांतून जुळवल्या. एका दिवसाचीही शंका घ्यायला जागा नाही.

म्हणजे बिघडवलं मी, आणि बोट दाखवलं तुमच्या हाताकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे चोरच पंच होऊन बसला होता.

परवा लिहिताना मला हे ठाऊक होतं. तरी "कुणीतरी" लिहिलं. आनंदात आपलं पाप खपून जाईल असं वाटलं असावं.

माफी मागायला शब्द आहेत, पण ते मी तुम्हाला चारचौघांत न म्हणता इथे बंद पाकिटात म्हटले तर त्याला अर्थ नाही. मी बोलले बैठकीत, तेव्हा माफीही तिथेच. सहा मे रोजी बैठक आहे.


७ मे

वन्सं,

झालं.

आधी तुमच्या भावाला सांगितलं, आदल्या दिवशी, जेवताना. त्याने चष्मा पुसला नाही. ताट सरकवलं आणि विचारलं, "ताईला कळवलंस?" म्हटलं, लिहिलंय. म्हणाला, "मग उद्या त्या लोकांना सांगायला काय लागतं? अवघड होतं ते तर झालं." आणि माझ्या ताटात स्वतःची भाजी वाढली. या माणसाशी तुम्ही माझं लग्न जमवलंत, ते उपकार वेगळेच.

बैठकीत मी आधी नवे आकडे मांडले. चार वेळा केलेले प्रयोग, चारही वेळा तोच निकाल. संचालक खुर्चीत पुढे सरकले. चारावाल्या बाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. तिथेच थांबले असते तर हार घालून घरी पाठवलं असतं मला.

म्हटलं, "अजून एक आहे. बाटल्या खिडकीत कुणी ठेवल्या ते."

"कुणी?"

"मी. आणि गेल्या वर्षी याच खोलीत मी मॅडमच्या हाताचं बोलले. ते चूक होतं."

लेखनिकाने लिहिता लिहिता मान वर केली.

संचालक म्हणाले, "म्हणजे दीड वर्ष ही संस्था तुमच्या टापटिपीपायी अडून बसली?"

"हो."

"बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"मागच्या वेळी मी जे सांगितलं ते इतिवृत्तात लिहिलंय. हेही लिहा. त्याच जाडीच्या अक्षरात."

ते हसले नाहीत. लेखनिकाला म्हणाले, "लिहा." आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायला लावलं. सोबत त्या पानाची प्रत आहे. संस्थेचा शिक्का आहे, संचालकांची सही आहे. खाली मामांनीही सही केली आहे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला लॅबमधून काढतील असं धरून चालले होते. काढलं नाही. संचालक जाताना म्हणाले, "तेल अंधारात ठेवा आणि हिवाळ्याची मुदत विसरू नका."

तुमची वहिनी


१४ जून

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. ना "प्रिय", ना "आशीर्वाद". वहीचा अर्धा कागद. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय:

"हात थरथरतो हे खरं. डॉक्टर म्हणाले घराण्यात आहे, वडिलांचाही थरथरायचा. तू खोटं बोलली नाहीस, चूक बोललीस. बाटल्या मीही रोज बघत होते आणि मलाही सुचलं नाही, तेव्हा अर्धं पाप माझ्या नावावर लाव. आता कामाचं. इतिवृत्ताची प्रत पाठवलीस, गर्भ ठेवल्याच्या नोंदी का नाही पाठवल्यास? पाठव. आणि म्हशीच्या पोटात गर्भ सातव्या दिवशी ठेवत असशील तर तो गाईचा हिशेब आहे. म्हैस दिसते संथ, पण तिचा गर्भ गाईच्या गर्भाहून घाईचा. सहाव्या दिवशी फुगलेले असतील तेच उचल, आणि पोटात गर्भ घेणारी दाई म्हैसही माजानंतरच्या सहाव्याच दिवशी हवी. मागे राहिलेल्यांच्या मागे लागू नकोस. मास्तरणीची बीजं काढायला उन्हाळ्यात सुई लावू नकोस, थंडी पडू दे."

अर्ध्या कागदात एवढं. आणि मी मार्चपासून पानंच्या पानं भरतेय!

नोंदी सोबत आहेत. मी सातव्या दिवशीच ठेवत होते. आठ म्हशींत ठेवले, एकही गाभण राहिली नव्हती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता तुम्हाला न सांगता राहील असं काही उरलेलंच नाही.

आईंना तो अर्धा कागद वाचून दाखवला. "घराण्यात आहे" ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "तिच्या बापाने थरथरत्या हाताने सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त केली. कोपर टेकवून करायचा." मग कागद मागून घेतला आणि औषधांच्या डब्यात ठेवला. माझ्या हाती परत दिला नाही.


२० डिसेंबर

वन्सं,

हे पत्र उभ्याने लिहितेय, बसवत नाही.

थंडी पडल्यावर मास्तरणीला आठवड्यातून दोनदा उभं केलं. सुई लावली की ती माझ्याकडे मान वळवून असं बघायची, जणू "या वयात हे काय आता?" प्रत्येक वेळी चार-पाच बीजं मिळायची. कधी दोन. एकदा एकही नाही. सहा आठवड्यांत एकूण अठ्ठावन्न बीजं. त्यातले सहाव्या दिवशी फुगलेले सोळा गर्भ. तुमच्या शब्दाप्रमाणे घाईचे तेवढेच घेतले. सोळा म्हशींत ठेवले.

एकेकीला तीस दिवस झाले की सोनोग्राफी. डॉक्टर पडद्याकडे बघायचे आणि मी डॉक्टरांच्या भुवयांकडे. पहिल्या तिघींत काही नाही. चौथी म्हणजे ती चिडकी बारकी, जिला मामा "मिरची" म्हणतात. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, थांबले, पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या पाण्यात तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी, आणि त्यात लुकलुक. लुकलुक म्हणजे काळीज, वन्सं. मास्तरणीच्या लेकराचं काळीज, मिरचीच्या पोटात.

आज शेवटची म्हैस तपासून झाली. सोळांपैकी सहा गाभण!

संचालक गोठ्यात आले होते, ऑफिसचे बूट घालून. परत गेले तेव्हा बूट कुठले आणि शेण कुठलं सांगता आलं नसतं. जाता जाता चारावाल्या बाईंना म्हणाले, "तुमच्यासाठी दुसरी खोली बघतो." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा व्हरांडा काय वाईट आहे? ऊन छान येतं." मी म्हटलं, तेल तेवढं ठेवू नका.


११ फेब्रुवारी

वन्सं, एक गेला. चौथ्या महिन्यात, काही कारण नसताना. मामा म्हणाले, निसर्गातही जातात. माहीत आहे मला. तरी त्या म्हशीच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या.

पाच आहेत.


२४ ऑगस्ट

वन्सं,

काल तुम्ही सगळं ऐकलंत, पण फोन मधेच बंद पडला. मामांच्या फोनची बॅटरी आणि मामांचा धीर दोन्ही एकदमच संपतात. नंतर तुम्हाला "रेडी झाली, दोघी बऱ्या" एवढा मेसेज गेला असेल. तुम्हाला जे ऐकू आलं त्या वेळी इथे काय दिसत होतं, ते लिहिते. ते तुमच्या हक्काचं आहे.

मिरचीला सकाळी नऊपासून कळा सुरू होत्या. अकरा वाजले तरी नाक आणि एकच पाय बाहेर. डॉक्टर दुसऱ्या फार्मवर अडकलेले, यायला दोन तास. मामांचा खांदा गेल्या महिन्यात निखळलाय. म्हणजे उरले मी, जिने आयुष्यभर एका केसाएवढ्या जाडीच्या गोष्टी हाताळल्या. मी मामांना म्हटलं, काय करू? त्यांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढला, एक बटण दाबलं आणि गव्हाणीच्या कडेवर ठेवला. दुसऱ्या घंटेला तुम्ही उचललात! मामांचा फोन तुम्ही उचलता? कधीपासून? मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही."

सव्वा दोन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला, आणि पहिलं वाक्य काय? "दुसरा पाय कुठे दुमडलाय, गुडघ्यात की खांद्यात?"

मी म्हटलं, "वन्सं, मी..."

"रडायचं नंतर. हात घाल आणि सांग."

कोपरापर्यंत हात आत घातला. गरम, आणि इतकं घट्ट की बोटं बधिर झाली. म्हटलं, "गुडघ्यात."

"छान. सोपं आहे. आता डोकं मागे ढकल. कळ आली की थांब, तिच्याशी झोंबू नकोस. कळ ओसरली की ढकल."

तुम्हाला ढकलण्याचा आवाज आला नसेल. माझा गाल मिरचीच्या पुठ्ठ्याला चिकटलेला होता, तिची शेपटी माझ्या मानेभोवती, आणि मामा एका हाताने तिचं दावं धरून तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मी शपथेवर सांगते, ते तिला सॉरी म्हणत होते.

"खूर सापडला?"

"सापडला. निसटतोय."

"मुठीत झाक पूर्ण. उघडा खूर पिशवी फाडेल. मुठीत झाकून वर उचल आणि मग तुझ्याकडे."

तेव्हा एक गोष्ट घडली ती तुम्हाला सांगते. माझा हात थरथरायला लागला. दगडासारखा हात, आणि तो पार खांद्यापासून थरथरत होता. मी ओरडले, "वन्सं, माझा हात स्थिर राहत नाहीये." तुम्ही म्हणालात, "मग थरथरू दे! सोडू नकोस म्हणजे झालं."

मी सोडला नाही. वर उचलला, ओढला, आणि तो पाय सर्रकन सरळ झाला. मी किंचाळले ते त्यासाठी. तुम्ही पलीकडून "अगं काय झालं, काय झालं" म्हणत होतात आणि नेमका फोन मेला.

पुढचं हे. दोन पाय, नाक, मग कपाळ. मिरची एकदा कण्हली आणि सगळंच्या सगळं रेडकू घसरत माझ्या मांडीवर आलं. मी चिखलात बसलेली, ते ओलं वजन मांडीवर, आणि ते हलेना. मामांनी गवताची काडी नाकात घातली. ते शिंकलं. वन्सं, ते शिंकलं आणि माझ्या तोंडावर सगळं उडालं, आणि मी इतकी हसले की चारावाल्या बाई व्हरांड्यातून धावत आल्या.

रेडी आहे. पस्तीस किलो. कपाळ रुंद, मास्तरणीचं. मिरचीने तिला चाटायला सुरुवात केली आणि कुणाला जवळ येऊ देईना. पाऊण तासाने ती उठायला लागली. पुढचे पाय टेकायची, मागचे घसरायचे. चार वेळा पडली. पाचव्या वेळी उभी राहिली, डुलत डुलत सड शोधला आणि चीक प्यायला लागली. तोवर संचालक, डॉक्टर, कचेरीतले सगळे गोळा झाले होते. मामा म्हणाले, "बघा, बशीतून आलेली पोर ढुशा कशी मारते!" आणि मग जो आरडाओरडा झाला! कचेरीतल्या लेखनिकाने मला शेणासकट मिठी मारली.

पलीकडच्या दावणीला मास्तरीण रवंथ करत उभी होती. तिने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

अजून चौघी आहेत. फोन मी स्वतःचा चार्ज करून गोठ्यात टांगून ठेवलाय. उचलाल ना?


१९ सप्टेंबर

वन्सं,

पाचही व्याल्या. पाचही रेडकं जिवंत. तीन रेड्या, दोन रेडे. बाकीच्या चौघींनी कुणाला हात लावू दिला नाही, आपापल्या व्याल्या. तुम्ही चारही वेळा उचललात.

मास्तरणीला तेरा वर्षांत सात वेतं झाली होती. या एका वर्षात पाच लेकरं. पुढच्या थंडीसाठी बाहेरच्या फार्मवाल्यांनी अकरा म्हशींची नावं दिलीत, सगळ्या वयाने मोठ्या आणि दुधाने भारी. संचालकांनी लॅबला आणखी एक खोली मंजूर केली. त्यांनी मला बोलावून विचारलं, नवी माणसं शिकवायला कोण हवं? मी म्हटलं, शिकवायला हात लागत नाही, डोळा आणि जीभ लागते. दोन्ही असलेलं माणूस मला माहीत आहे. त्यांनी पत्र टाइप करून घेतलं. पोस्टाने पाठवू का म्हणाले. म्हटलं, नको, माझ्याकडे द्या.

ते पत्र घेऊन आम्ही येतोय. तुमचा भाऊ, आई आणि मी, शुक्रवारच्या गाडीने. आईंनी स्वतःची पिशवी तीन दिवस आधी भरलीय आणि कुणालाही उघडू देत नाहीत. मी म्हटलं, आधी फोन करून विचारूया, त्यांना जमेल का. तर म्हणाल्या, "पोटच्या पोरीला विचारायचं कसलं? दार वाजवायचं."

तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण शनिवारी सकाळी घरी असा, आणि चार माणसांचा चहा टाका.

तुमची वहिनी